अल्सर, स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि सकाळची उपाशीपोटी गोळी

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. व्हॉट्सॲपवर कुठलातरी फॉरवर्ड आलाय, त्यात म्हणे ॲसिडिटीची गोळी रोज खाल्ली की स्वादुपिंडाचा, म्हणजे पँक्रियाजचा, कॅन्सर होतो, आणि ज्याला अल्सर होऊन गेलाय त्याचं तर काही खरंच नाही. खाली "डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत" वगैरे नेहमीचा मसाला. परवा एक मावशी पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीची अर्धी संपलेली स्ट्रिप परत करायला घेऊन आल्या, म्हणाल्या, ताई हे विष तुमच्याकडंच ठेवा. आता फोडलेली स्ट्रिप परत घेता येत नाही तो भाग सोडा, पण या मावशींना संधिवातासाठी रोज पेनकिलर चालू आहे आणि ही गोळी त्यांचं जठर सांभाळायला दिलीय, ती मनाने बंद केली तर कॅन्सर राहील बाजूला आणि रक्ताची उलटी होऊन ॲडमिट व्हायची वेळ यायची. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा बसून लिहून काढायचं.

मी डॉक्टर नाही. डी. फार्म केलंय आणि सासरच्या मेडिकलमध्ये बसते, दिवसभर हीच औषधं हाताखालून जातात, आणि जे विकतो त्याबद्दल वाचायची खोड आहे, एवढंच. त्यामुळे हे वाचून कुणी आपली गोळी बंद किंवा चालू करू नका प्लीज.

आमच्या दादांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पोटावर छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत एक उभा व्रण आहे, टाक्यांच्या खुणा अजून दोन्ही बाजूंना दिसतात. ऐंशीच्या दशकातलं अल्सरचं ऑपरेशन. जेवलं की दुखायचं, म्हणून जेवायचीच भीती बसलेली, वजन उतरलं, सूतशेखर झालं, थंड दूध झालं, कुणी सांगितलं म्हणून पंधरा दिवस नुसता दहीभात झाला, आणि शेवटी सर्जनने जठराचा खालचा भाग कापून उरलेलं आतड्याला जोडून दिलं. तेव्हा हीच रीत होती. डॉक्टरी समज असा होता की ॲसिड नाही तर अल्सर नाही, मग ॲसिड करणारा भाग काढा, नाहीतर ॲसिडचा हुकूम देणारी व्हेगस नस कापा. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आलं तेव्हा लोकांना वाटलं सुटलो (ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेलही मिळालं), पण गोळी बंद केली की अल्सर परत हजर. कारण मुळात ॲसिडच्या पलीकडे काहीतरी होतं आणि ते कुणी शोधतच नव्हतं, पोटातल्या इतक्या तीव्र ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाहीत असं पुस्तकातच छापलेलं.

मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थची ती गोष्ट. रॉबिन वॉरन पॅथॉलॉजिस्ट, त्यांना जठराच्या तुकड्यांत मायक्रोस्कोपखाली वाकडे वाकडे जंतू दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्या जोडीला आला. लॅबमध्ये ते जंतू वाढवायचा प्रयत्न चालला होता, पण डिश दोन दिवस ठेवायची, काही उगवलं नाही की टाकून द्यायची, असा शिरस्ता. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्ट्या जोडून आल्या, डिश तशीच सुट्टीभर राहिली, आणि सुट्टीवरून येऊन बघतात तर जंतू वाढलेले. हे महाशय सावकाश वाढणारे निघाले, दोन दिवसांत दिसणारच नव्हते! तरी कुणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलने स्वतःच जंतूंचं ते पाणी पिऊन टाकलं. थोड्या दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बीण टाकून बघितलं तर जठराला चांगली सूज. लोक सांगताना त्याला अल्सर झाला म्हणून सांगतात, तसं नाही, सूज आली होती, पण मुद्दा सिद्ध करायला तेवढं पुरलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मी दादांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझं जठर दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी वाचलं असतं की गं." त्यावर मी काय बोलणार.

तर हा जंतू म्हणजे एच. पायलोरी. आपल्याकडे अर्ध्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो आहे, बहुतेक लहानपणीच घरातून मिळालेला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. त्यामुळे नुसता जंतू सापडला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण अल्सर असेल आणि जंतूही असेल तर त्याला घालवल्याशिवाय अल्सरचा पिच्छा सुटत नाही. तो शोधायची एक पद्धत मला फार आवडते. माझीच एंडोस्कोपी झाली तेव्हा बघितली. आधी घशात तो कडू स्प्रे मारतात, जीभ आणि घसा असा बधिर होतो की थुंकी गिळलेलीही कळत नाही, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लॅस्टिकचं कडं, आणि मग ती नळी. पाच-सात मिनिटांचा खेळ, ऐकलेलं त्यापेक्षा पुष्कळ बरं. जठराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून सिस्टरने एका छोट्या किटच्या पिवळ्या ठिपक्यात टाकला आणि म्हणाली, बघा हं मॅडम. थोड्या वेळाने पिवळ्याचं गुलाबी, मग गडद राणी कलर. एच. पायलोरी युरियापासून अमोनिया बनवतो, त्याच्या जोरावरच तो ॲसिडमध्ये तग धरतो, आणि तो अमोनिया तिथला रंग पालटतो. हळदीत चुना पडला की कुंकवाचा लाल रंग उतरतो ना, अगदी तोच प्रकार.

उपचार म्हणजे दोन आठवड्यांचा कोर्स. ॲसिड कमी करणारी गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, सोबत अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, किंवा मग बिस्मथ घालून चार औषधांचा. तयार किट मिळतात, एका दिवसाच्या गोळ्या एका कप्प्यात. आणि इथंच लोक घोळ घालतात. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंडाला असा कडवट धातूसारखा स्वाद येतो की चहासुद्धा नको होतो, पोट बिघडतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणं थांबलेलं असतं, मग उरलेली किट फ्रिजवर पडून राहते. अर्धा कोर्स म्हणजे जंतूला औषधाची शिकवणी. आपल्याकडे आधीच या औषधांना दाद न देणारे जंतू भरपूर, मेट्रोनिडाझोलचं तर विचारूच नका, जरा जुलाब झाले की ती गोळी घेऊन घेऊन आपण तिची धार घालवून बसलोय. म्हणून मी किट देताना सांगते की स्वाद येणार, पोट बिघडणार, बिस्मथ असेल तर शी काळी होणार, घाबरू नका, पण शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. (बिस्मथ किंवा लोहाची गोळी चालू नसताना काळीकुट्ट, चिकट, उग्र वासाची शी झाली तर तो आतला रक्तस्राव असू शकतो, तेव्हा मेडिकलमध्ये न येता सरळ हॉस्पिटल गाठा.)

कोर्स संपला की काम संपलं असं समजतात, तेही नाही. जंतू गेला का हे बघायचं असतं, कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि त्याआधी दोन आठवडे ती ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवून, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. फुंकर मारायची टेस्ट किंवा शी तपासायची टेस्ट. रक्ताची अँटीबॉडी टेस्ट यासाठी कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती कितीतरी दिवस पॉझिटिव्हच राहते. आणि अल्सर जठरात असेल, म्हणजे ड्युओडेनममध्ये (जठराला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) नसेल, तर डॉक्टर बायोप्सी, म्हणजे तपासायला छोटा तुकडा, घेतात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण टाकायला सांगतात. लोकांना वाटतं पैसे काढायचा धंदा. तसं नसतं हो. जठराचा कॅन्सर कधीकधी हुबेहूब साध्या अल्सरसारखा दिसतो, गोळ्यांनी वरवर भरल्यासारखाही वाटतो, म्हणून भरला की नाही हे डोळ्यांनी बघावंच लागतं. अल्सरवाल्याने कुठल्या कॅन्सरचा विचार करायचाच असेल तर आधी जठराच्या करावा. एच. पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ पासून पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करू शकतात हे नक्की ठरलेल्या गोष्टींत टाकलंय, ते जठराच्या कॅन्सरसाठी. फॉरवर्डमध्ये याचा शब्द नाही.

अल्सरचं दुसरं मोठं कारण पेनकिलर. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, आणि हार्टवाल्यांची छोटी ॲस्पिरिनसुद्धा. ही औषधं जठराचं आतलं अस्तर राखणारी रसायनंच बंद पाडतात, त्यामुळे इंजेक्शनने घेतली तरी तोच परिणाम, "उपाशीपोटी घेतली नाही ना मग काही होत नाही" हा गैरसमज. गुडघेदुखीवाले आजोबा-आजी यात सगळ्यात जास्त सापडतात, आणि त्यांना पोट दुखतही नाही बऱ्याचदा, थेट रक्तस्रावच होतो.

आता मूळ प्रश्न. अल्सरमुळे स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो का? धागा अगदीच हवेतला नाहीये. स्वीडनमध्ये हॉस्पिटलांच्या नोंदी देशपातळीवर जपलेल्या असतात, त्यावरून २००७ साली एक अभ्यास आला, त्यात जठराच्या अल्सरसाठी ॲडमिट झालेल्यांना पुढे स्वादुपिंडाचा कॅन्सर इतरांपेक्षा साधारण २० टक्के जास्त झालेला दिसला, आणि ज्यांचं जठर कापलं होतं त्यांच्यात वीस वर्षांनंतर दुपटीच्या आसपास. ड्युओडेनल अल्सरवाल्यांत मात्र वाढ नाही. म्हणजे आमचे दादा बरोब्बर त्या दुपटीवाल्या गटातले. वाचलं तेव्हा पोटात गोळा आलाच, खोटं कशाला सांगू. पण मग कागद घेऊन हिशोब मांडला. भारतात हा कॅन्सर वर्षाला लाख माणसांत एक-दोघांना, फार तर अडीच जणांना होतो. दोनाचे २० टक्के वाढले तर लाखात २.४. दुप्पट धरलं तरी चार. वयाप्रमाणे आकडा वर जातो हे खरं, तरी लाखातले उरलेले हजारो सुखरूपच. टक्के सांगायचे आणि कशाचे टक्के ते गाळायचं, फॉरवर्डवाल्यांची हीच तर हातचलाखी असते.

का होत असेल याचा एक अंदाज असा मांडतात की जठरातलं ॲसिड कमी झालं की एरवी तिथे न टिकणारे जंतू वाढतात, ते खाण्यातल्या नायट्रेटपासून नायट्रोसामाइन बनवतात आणि ते कॅन्सरला पोषक. पटण्यासारखं आहे, पण अंदाजच. दुसरं म्हणजे सिगरेट दोन्हीकडे असते, अल्सरच्याही मागे आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्याही, तेव्हा कोणाचं पाप कोणाच्या माथी हे वेगळं काढणं सोपं नाही.

ॲसिडिटीच्या गोळ्यांचं म्हणाल तर काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत नाही. आणि जिथं दिसतो तिथं एक गंमत आहे, गंमत कसली, दुःखच आहे ते. गोळी नुकती सुरू केलेल्यांत आकडा सगळ्यात फुगलेला दिसतो. आता कॅन्सर काही गोळी खाल्ल्यावर सहा महिन्यांत उगवत नाही, त्याला वर्षानुवर्षं लागतात. मग उलटं असणार ना? स्वादुपिंडात आधीच काहीतरी सुरू झालंय, पोट जड वाटतंय, वरच्या भागात दुखतंय, भूक गेलीय, माणूस म्हणतो पित्त झालं, आणि गोळी सुरू करतो. गोळीने कॅन्सर आणला नाही, कॅन्सरने गोळी आणली. पण नोंदवहीत गोळी आधी आणि कॅन्सर नंतर.

हे मी काउंटरवरून बघितलंय. ओळखीतलेच एक काका, पन्नाशी उलटलेले, सडपातळ, कधी काही दुखणं नाही. अचानक शुगर निघाली. शुगरची गोळी, सोबत पोटासाठी पँटोप्राझोल-डोमपेरिडोन. काका दर महिन्याला यायचे आणि दर महिन्याला पँट सैल झालेली, लोक म्हणायचे वा, शुगर कंट्रोलमध्ये आली वाटतं. पाठ दुखते म्हणून मलम पण न्यायचे. म्हणायचे, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. मग एक दिवस डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, आणि सीटी स्कॅनमध्ये सगळं कळलं तोवर लिव्हरपर्यंत पसरलेलं. स्वादुपिंड जठराच्या मागे, ड्युओडेनमच्या कमानीत पार पाठीला चिकटून बसलेलं असतं, त्यामुळे त्याचं दुखणं पोटाचं वाटतं आणि पाठीचंही वाटतं. सोनोग्राफीत बघायला गेलं तर मध्ये आतड्यातला गॅस. तुमच्या घरातले सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट काढून बघा, कितीतरी रिपोर्टांत पँक्रियाजच्या पुढे लिहिलेलं असतं "ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस", म्हणजे दिसलंच नाही. आपण शेवटची ओळ वाचतो, नॉर्मल लिहिलंय, चला. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाला नवीन शुगर, वजन उतरतंय आणि पोट दुखतंय, असं तिन्ही एकत्र असेल तर तो रिपोर्ट नॉर्मल धरू नका, डॉक्टरांना सरळ विचारा की सीटी करायची का. नुसती नवीन शुगर म्हणजे लगेच कॅन्सर असंही नाही हां, पन्नाशीनंतर शुगर निघालेल्या शंभरांत एकालाही तो निघत नाही. वजन का उतरतंय हे विचारा, एवढंच.

हा रोग उशिरा सापडतो तेच त्याचं मोठं दुखणं. निदान होतं तेव्हा ऑपरेशन करण्याजोगे रुग्ण पाचात एकच असतात, साधारणपणे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणात स्वादुपिंडाचा कॅन्सर हा शब्द घरोघरी पोचला, २०१८ च्या फेब्रुवारीत आजार समोर आला आणि १७ मार्च २०१९ ला ते गेले, उपचारांची काही कमी नसलेला माणूस. त्यानंतर बरेच दिवस लोक येऊन सीए १९-९ ची रक्ताची टेस्ट करू का म्हणून विचारायचे. ती टेस्ट निरोगी माणसाने चाळणी म्हणून करायची नाही, साध्या काविळीतही वाढते आणि कॅन्सर असूनही कधी वाढत नाही.

अल्सर आणि स्वादुपिंडाचा अजून एक संबंध आहे, तो तर पूर्ण उलटा. १९५५ मध्ये झोलिंजर आणि एलिसन या दोन अमेरिकन सर्जननी असे पेशंट मांडले ज्यांचे अल्सर काही केल्या थांबत नव्हते, जठर कापूनही परत, भलत्याच जागी. कारण स्वादुपिंडातली एक छोटी गाठ, ती गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन सोडत राहते आणि जठर ॲसिडचा पूर आणतं. ही गाठ स्वादुपिंडात असते किंवा ड्युओडेनमच्या भिंतीत. फार विरळ आहे, पण जंतू नाही, पेनकिलर नाही, तरी एकावेळी चार-पाच अल्सर आणि सोबत जुलाब, असं असेल तर डॉक्टर गॅस्ट्रिनची टेस्ट लिहितात ती यासाठी.

आणि खरोखर टाळण्यासारखं जे आहे त्यावर फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. तंबाखू. सिगरेट-बिडी ओढणाऱ्याला स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ दुप्पट. आणि धुराविना तंबाखूसुद्धा त्याच जागतिक संस्थेच्या यादीत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं कारण म्हणून आहे, म्हणजे आपली चुना-तंबाखू, आपला गुटखा, बायकांची मिश्री. लोकांना वाटतं तंबाखूचा कॅन्सर म्हणजे तोंडाचा. आमच्या दादांना मी त्या स्वीडनच्या अभ्यासाबद्दल बोलले तर ते ऐकताना डाव्या तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळत होते! जठर कापल्याला चाळीसेक वर्षं झाली, ते आता बदलता येत नाही, तंबाखूची डबी टाकता येते, म्हटलं. दोन दिवस रुसले माझ्यावर.

रॅनिटिडीन या ॲसिडिटीच्या जुन्या गोळीचं पण विचारतात. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी सापडली, साठवणीत आणि उष्णतेत ती वाढते, म्हणून अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं, आपल्याकडे २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं. दुकानात अजून मिळतं. घरात उन्हाच्या खिडकीत पडलेली जुनी स्ट्रिप असेल तर टाकून द्या, आणि कधीकाळी खाल्ली म्हणून झोप उडवून घेऊ नका.

राहता राहिलं खाणं. मिरचीने अल्सर होत नाही, झालेल्या अल्सरला झोंबते, तेव्हा भरेपर्यंत जरा सांभाळा आणि मग खुशाल तांबडा रस्सा ओरपा. दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण दूध पचवायला जठर परत ॲसिड सोडतंच. पँटोप्राझोल नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची, जेवल्यावर घेतली तर उपयोग कमी होतो. त्या मावशींना मी हेच समजावलं, पेनकिलरचा डोस कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारायला सांगितलं, स्ट्रिप त्यांच्याच पिशवीत परत टाकली. त्या म्हणाल्या, मग हा मेसेज मी सगळ्या भिशीच्या ग्रुपवर पाठवून बसले त्याचं काय करू?